शनिवारवाडा ठाऊक, पण अल महत्ता?



शाळेने आमच्या चिरंजीवांना 'माझ्या गावातली जुनी वास्तू' असा निबंध दिला. त्याने शनिवारवाडा लिहिला. जन्म शारजाचा, वाडा पाहिलाय दोनदा. वर मलाच प्रश्न, "बाबा, इथे जुनं आहेच काय?" उत्तर घरापासून दहा मिनिटांवर होते आणि इतक्या वर्षांत मीही तिथे पाऊल ठेवले नव्हते.

शारजाच्या किंग अब्दुल अझीझ रस्त्यावरून आपण सगळेच जातो. तो रस्ता म्हणजे जुन्या विमानतळाची धावपट्टी. इम्पीरियल एअरवेजने लंडनहून हिंदुस्थानकडे येणारा मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून अरबी किनाऱ्यावर आणला, तेव्हा १९३२ साली इथे तळ झाला. त्यासोबत किल्ल्यासारखे भक्कम विश्रामगृह उभे राहिले. ५ ऑक्टोबर १९३२ ला पहिले विमान उतरले. उतारू रात्री इथे मुक्काम करीत, मग पुढे कराची. आणि दहाच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. म्हणजे आपल्या जुहूचे आणि शारजाचे नाते नोकरीच्या व्हिसापेक्षा कितीतरी जुने आहे!

१९७७ साली विमानतळ शहराबाहेर गेला. भर वस्तीतली ही जागा. पाडून टोलेजंग इमारती सहज झाल्या असत्या. तसे झाले नाही. धावपट्टीचा रस्ता झाला, विश्रामगृह आणि मनोरा राखला गेला, आणि २००० साली तिथे अल महत्ता संग्रहालय उघडले. 'महत्ता' म्हणजे अरबीत स्टेशन. जुनी विमानेही तिथे जवळून पाहता येतात. सगळेच काचेत ठेवले नाही, सगळेच पाडलेही नाही. हा मध्यममार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे वाडे पडताना आपण हळहळतो, पण असा विचार क्वचित करतो.

"आपण काय, आज ना उद्या परत जाणार," असे म्हणत आपण या भूमीकडे पाहतच नाही. मुलांचे मात्र बालपण इथलेच आहे. त्यांना ते पोरके का वाटावे?

म्हणून सूचना : यंदाची संक्रांतीची सहल मॉलऐवजी अल महत्ताला न्यावी. हवाही थंड असते. तिळगूळ माझ्याकडून. निबंध मुलांकडून!

— एक सभासद, शारजा