घोड्यांच्या पागेसाठी ५० टक्के अनुदान: बांधकाम कुठे बसते, दुरुस्ती कुठे अडते?

थोडक्यात

• राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ पासून घोडा, गाढव, खेचर व उंट यांच्या उद्योगासाठी ५० टक्के भांडवली अनुदान आहे. कमाल मर्यादा ५० लाख रुपये.
• अनुदान दोन समान हप्त्यांत मिळते. जमीन खरेदी, भाडे व खेळते भांडवल यांवरील खर्च त्यात धरला जात नाही.
• जुन्या पागेची डागडुजी आणि नवीन उद्योगाची उभारणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्प अहवालात हा फरक स्पष्ट नसेल तर अर्ज अडू शकतो.
• २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वी केलेले अंदाजपत्रक नव्याने तयार करावे.

निर्णय का घेतला गेला?

२०१९ च्या २०व्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे सुमारे ३.४ लाख होती. २०१२ मध्ये हीच संख्या सुमारे ६.२५ लाख होती. म्हणजे सात वर्षांत जवळपास ४५ टक्के घट झाली. खेचरांमधील घट ५७ टक्के आणि गाढवांमधील ६१ टक्के होती. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, झंस्कारी, स्पिती, भुतिया व मणिपुरी या देशी जातींबरोबर आता दख्खनच्या भीमथडी घोड्यालाही नोंदणीकृत जात म्हणून मान्यता मिळाली आहे. मात्र नोंदणीने जात कागदावर टिकते. प्रत्यक्षात ती टिकायची असेल तर पैदास करणारे पशुपालक आणि जनावरांना नीट निवारा हवा.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल मंजूर केले. त्यानुसार व्यक्ती, शेतकरी उत्पादक संस्था, स्वयंसहायता गट, संयुक्त देयता गट, शेतकरी सहकारी संस्था आणि कलम ८ कंपन्या यांना घोडा, गाढव, खेचर व उंट यांच्या उद्योगासाठी अनुदान खुले झाले. याशिवाय वीर्य केंद्र व मूळ पैदास प्रक्षेत्र उभारण्यासाठी केंद्र सरकार १० कोटी रुपये देणार आहे.

अनुदानाचा हिशेब कसा होतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, पात्र प्रकल्प खर्च ६० लाख रुपये आहे. अनुदान ३० लाख. बँकेने कर्जाचा पहिला हप्ता दिल्यानंतर १५ लाख आणि प्रकल्प पूर्ण होऊन राज्य यंत्रणेने पडताळणी केल्यावर उरलेले १५ लाख. प्रकल्प १ कोटी २० लाखांचा असला तरी अनुदान ५० लाखांवरच थांबते.

याचा बांधकामावर थेट परिणाम होतो. दुसरा हप्ता काम पूर्ण झाल्यावर येतो. त्यामुळे छप्पर, फरशी आणि गटार ही शेवटची कामे लाभार्थ्याला स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशातून करावी लागतात. पैसे संपले आणि पावसाळा आला, तर उघड्या भिंती पाणी पितात. पुढच्या वर्षी त्याच भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च उभा राहतो, आणि तो मूळ अंदाजपत्रकात नसतो. म्हणून बँकेशी बोलताना फक्त कर्जाची रक्कम ठरवू नका. जोते, भिंती, छप्पर व फरशी या टप्प्यांप्रमाणे कर्जाचे हप्ते ठरवून घ्या. पावसाळ्यापूर्वी छप्पर पूर्ण होईल असे वेळापत्रक अहवालातच द्या.

दुरुस्ती कुठे अडते?

मोठे घोडेपालक बहुतेक वेळा मोकळ्या माळावर सुरुवात करत नाहीत. राजस्थान, गुजरात, पंजाब किंवा महाराष्ट्रात अशा मालमत्तेवर आधीपासून दगडी किंवा विटांची पागा, आवार-भिंत, विहीर, चाऱ्याची कोठी असते. त्यामुळे पहिला प्रश्न येतो तो जुन्या बांधकामाचा.

योजनेचा भर मात्र उद्योग उभारणीवर आहे. नेहमीची देखभाल तिच्या हेतूत येत नाही. म्हणून "जुन्या पागेची दुरुस्ती" अशी एकच ओळ लिहून रक्कम मागू नका. अहवालात तीन भाग वेगळे करा: नवीन बांधकाम, जुन्या इमारतीचे उद्योगासाठी रूपांतर आणि साधी डागडुजी. पहिल्या भागाची मागणी सरळ आहे. दुसऱ्या भागासाठी जनावरांची क्षमता किती वाढेल हे आकड्यांत दाखवा आणि तो खर्च मान्य होईल का, हे बँक व जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाकडून लेखी घ्या. तिसरा भाग स्वतःच्या खर्चात धरा. मंजुरीपूर्वीच भिंती उभ्या राहिल्या, तर तो खर्च प्रकल्पाचा होता हे दाखवणे अवघड जाते. त्यामुळे काम सुरू करण्याआधी जुन्या बांधकामाची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा.

जुन्या भिंतीला सिमेंट का चालत नाही?

इथे चूक झाली तर अनुदान मिळूनही पैसा वाया जातो. जुन्या पागांच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओलावा शोषतो आणि बाहेरही सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला किंवा दर्जा सिमेंटने भरल्या, तर ओलावा आत कोंडतो. घोड्यांच्या मुतातील क्षार जमिनीलगतच्या भिंतीत मुरतात, लोणा फुटतो, मग सिमेंटचा थर पोपडा धरून पडतो आणि सोबत दगड-विटेचा पृष्ठभागही घेऊन जातो.

दुरुस्तीचा क्रम असा असावा:

१. आधी छपराची गळती आणि पन्हळी दुरुस्त करा. वरचे पाणी थांबल्याशिवाय खालची भिंत कोरडी होत नाही.
२. भिंतीच्या बाहेरील जमीन उतार देऊन पाणी दूर न्या. जोत्याजवळ साचलेले शेण व माती काढा.
३. लोणा लागलेला गिलावा ओलाव्याच्या रेषेच्या सुमारे एक फूट वरपर्यंत काढून टाका आणि भिंत वाळू द्या.
४. दर्जा हाताने खरवडून चुन्याने भरा. यंत्राने कापल्यास दगडाच्या कडा तुटतात.
५. चुन्याचे काम काही दिवस ओले ठेवा. कडक उन्हाळा आणि भर पावसाळा टाळा.

नवीन बांधकामात जोत्याच्या पातळीवर ओलावारोधक थर टाका. मोठ्या घोड्यासाठी साधारण १२ फूट बाय १२ फुटांची खोली धरतात. घोडी विणार असेल तर तिला याहून मोठी जागा लागते. घोडा लाथ मारतो, म्हणून खालची चार-पाच फूट भिंत भरीव आणि आतून गुळगुळीत हवी. फरशी घसरणारी नसावी आणि तिला दर ६० इंचांना सुमारे एक इंच उतार द्यावा. मुतातून तयार होणारा अमोनिया श्वसनाला त्रास देतो, म्हणून छपराजवळ हवा बाहेर जाण्याची वाट ठेवावी.

रोगनियंत्रण आणि बांधकामाचा संबंध

ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. दूषित पाणी, चारा आणि सामाईक हौद यांतून तो पसरतो. म्हणून एकच मोठा हौद बांधण्याऐवजी प्रत्येक खोलीत वेगळी, धुता येणारी पाण्याची सोय करणे शहाणपणाचे. बाहेरून किंवा सारंगखेडा, पुष्करसारख्या बाजारातून आणलेल्या जनावरासाठी मुख्य पागेपासून दूर विलगीकरणाची खोली ठेवा.

जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्व रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. त्यामुळे भारतीय क्रीडा घोड्यांना परदेशी स्पर्धांना जाण्याची वाट मोकळी झाली. ही मान्यता त्या केंद्रापुरती आहे, पण तिचा धडा सर्वांसाठी आहे. रोगमुक्तीची सुरुवात कुंपण, वेगळी प्रवेशवाट आणि धुता येणाऱ्या भिंतींपासून होते.

गवंड्याचाही विचार करा

चुन्यात काम करणारे गवंडी आता सहज मिळत नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडीकाम आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज (आधी १ लाख, नंतर २ लाख) मिळू शकते. नोंदणी सामान्य सेवा केंद्रातून विनामूल्य होते. तुमच्या गावातील गवंड्याला ही माहिती जरूर द्या.

कोण मागे राहतो?

अनुदान कर्जाशी जोडलेले असल्याने ज्याच्याकडे जमीन आणि बँकेतील पत आहे त्याला वाट सोपी आहे. वीटभट्टीवर खेचर किंवा गाढव हाकणाऱ्या कुटुंबाकडे बहुधा दोन्ही नसते. पागेच्या विटा त्यांची जनावरे वाहतात आणि सर्वाधिक घटही त्याच जनावरांत झाली आहे. स्वयंसहायता गट आणि संयुक्त देयता गट पात्र आहेत, ही त्यांच्यासाठी उघडी असलेली वाट. जिल्हा कार्यालयांनी असे गट उभे करण्यास मदत केली, तरच योजनेचा लाभ मोठ्या पागांच्या पलीकडे जाईल.

अर्ज करण्यापूर्वी

• जमिनीचा कागद तयार ठेवा: महाराष्ट्रात सातबारा, राजस्थानात जमाबंदी, पंजाबात फर्द, कर्नाटकात आरटीसी.
• शेतजमिनीवरील बांधकामाचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात विचारा.
• अंदाजपत्रक राज्याच्या बांधकाम विभागाच्या दरसूचीनुसार व नव्या जीएसटी दराने करून घ्या. करापूर्वी ३०० रुपये किमतीची सिमेंटची गोणी आधी करासह ३८४ रुपयांना पडे, आता ३५४ रुपयांना पडते.
• १५व्या वित्त आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा होता. त्यामुळे उद्यमीमित्र पोर्टलवर चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचना वाचूनच अर्ज भरा.

अनुदान एकदाच मिळते, पागा मात्र पुढच्या पिढीपर्यंत उभी राहावी लागते. म्हणून अर्ज भरण्याआधी एक दिवस जाणत्या गवंड्याला सोबत घेऊन जुन्या भिंतींभोवती फिरा आणि त्याने दाखवलेली कामे अहवालात उतरवा.