वेगळा आवाज दुकानात मिळत नाही!

आज जरा भांडायचा मूड आहे, आधीच सांगून ठेवतो. :)

आपल्या आयटीवाल्या गिटारिस्ट मंडळींना एक रोग जडलाय. आवाज 'वेगळा' हवा म्हटलं की हात तारांकडे न जाता क्रेडिट कार्डाकडे जातो. डिले झाला, कोरस झाला, आता रिव्हर्बचं ते नवीन मॉडेल... जमिनीवर दहा पेडल्स, आणि वाजवायचं काय? तर तेच चार कॉर्ड्स!

मुळात हे इफेक्ट्स आले कुठून? १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सिंग कन्सोल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास गुरगुरायला लागला. तो आवाज त्यांनी तसाच ठेवला. पुढच्याच वर्षी माएस्ट्रोचं फझ पेडल बाजारात आलं. १९६४ मध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडने कापला, आणि त्या फाटक्या आवाजावर जग फिदा झालं. म्हणजे तुम्ही हजारो रुपये मोजून घेता ते काय? तर दुसऱ्याच्या बिघाडाची डबीत भरलेली नक्कल.

आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि संगीत सगळं लाइव्ह. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. २०२३ साली परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या लोकांना या रंगभूमीचं नाव कळलं. त्याआधी (आणि खरं सांगायचं तर अजूनही) 'गावठी, भडक' म्हणून नाक मुरडणारेच जास्त.

कोणी म्हणेल, "काहून बे, ऑक्टोपॅड पण विकतच आणतात ना?" आणतात. पण तो वाजवणाऱ्याची नजर नटाच्या पावलावर असते. थप्पड बसली त्या क्षणी आवाज आला पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला की मंडपभर हशा! तिथे आवाजाला काम आहे. आपल्या पेडलबोर्डवरच्या आवाजाला काम काय? फोटोत छान दिसणं.

बरं, नुसती टीका नको. आहे त्या गिटारवर करून बघा:

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडा आणि मग नॉब हळूच वर न्या. गिटार व्हायोलिनसारखी उमलते. जाड तारेवरून रुपयाचं नाणं खरवडा. ब्रिजजवळ तारांमध्ये कागदाची पट्टी ओवा, तार ठक्क वाजेल. मोबाईलवर गाणं लावून त्याचा स्पीकर पिकअपला चिकटवा. पिकअप म्हणजे चुंबक आणि कॉइल, तो ते गाणंही पकडतो.

आणि माझा सगळ्यात आवडता: हम. सिंगल कॉइल पिकअपची ती घूं... तिला सगळे शिव्या घालतात. आपली वीज ५० हर्ट्झची. त्याची दुप्पट १०० हर्ट्झ, आणि गिटारवरचा खालचा जी ९८ हर्ट्झचा. म्हणजे गिटार साधारण एक तृतीयांश सेमीटोन वर चढवा आणि जीमध्ये वाजवा, हम तंबोऱ्यासारखा तुमच्याबरोबर सूर धरतो! अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला हम बी फ्लॅट आणि बीच्या मध्येच लटकतो. हा जी आपला आहे. महाजनकोचं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र ज्या गावात आहे, तिथल्या पोराने हम दाबायला नॉइज गेट विकत घ्यावा, यापरता विनोद नाही. (अर्थिंग मात्र चोख ठेवा, त्यात प्रयोग नको!)

पेडल वाईट असं माझं म्हणणं नाही. पण आधी नाटक हवं, मग दणका. सांगायचं काय ते ठरलं नसेल तर अकरावं पेडलही तुमच्या वतीने बोलणार नाही. आणि ठरलं असेल, तर एक रुपयाचं नाणंही पुरतं.

असो. आता भांडा!