चार दिवस, एक शहर आणि सूर्यास्ताच्या आतलं जेवण



नाताळची सुट्टी जवळ आली की घराघरांत सहलीची बोलणी सुरू होतात. मुलांना कुठंतरी लांब जायचं असतं, सासूबाईंना एखाद्या क्षेत्राचं दर्शन घडावं असं वाटत असतं, घरच्या कर्त्या माणसाचा हिशोब गाडीभाड्याशी अडलेला असतो. आपल्याला काय हवंय, हे बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं. मग ठरतं ते असं: पाच दिवसांत चार गावं, रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा आणि उपसा, आणि जेवणाचं म्हणाल तर "तिथं बघू". या "तिथं बघू"चा अर्थ आपल्याला चांगला ठाऊक आहे. अंधार पडल्यावर हायवेवरच्या हॉटेलात "कांदा-लसूण-बटाटा नसलेलं काही मिळेल का?" असं विचारत काउंटरपाशी उभी राहते ती घरातली बाईच. आणि टेबलावरून आवाज येतो, "अगं, सहलीपुरता नेम बाजूला ठेव की!"

माझं मत याच्या उलट आहे. नेम बाजूला ठेवण्याऐवजी सहलीचा आराखडा बदलावा. आपला दिवस सूर्याबरोबर संपतो, ही सहलीतली अडचण समजली जाते. पण हिवाळ्यात तोच आराखड्याचा कणा होऊ शकतो. चार गावं करण्यापेक्षा एकच शहर मुक्कामाला धरावं आणि तिथून रोज एका दिशेला जाऊन उजेडात परत यावं. आपल्या महाराष्ट्रात अशा सहलीसाठी मला सगळ्यांत योग्य वाटतं ते छत्रपती संभाजीनगर.

कारण सोपं आहे. वेरूळची लेणी शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर, देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा किल्ला त्याच वाटेवर निम्म्या अंतरावर, पैठण ५० किलोमीटरच्या आसपास, कचनेरचं चिंतामणी पार्श्वनाथांचं अतिशय क्षेत्र ३५ किलोमीटरच्या आसपास. लांबचं असं एकच, अजिंठा. ते १०० किलोमीटर. चार दिवस एकाच खोलीत सामान राहतं. ज्यांना एखादा दिवस नको वाटेल त्यांनी खोलीवर राहावं, कोणाची सहल मोडत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी आणि दोन वर्षांचं नातवंड यांना एका गाडीत घेऊन निघणाऱ्या घरासाठी ही सोय फार मोठी आहे.

आता वाराचा विचार. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. त्यामुळे बुधवार ते शनिवार असे चार दिवस घेतले की दोन्ही बंद वार टळतात आणि रविवारची गर्दीही टळते. डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जेवण संपवणाऱ्या घरांनी पाचच्या सुमारास ताटावरून उठायला हवं. एवढी एक वेळ पक्की धरली की बाकीचं वेळापत्रक आपोआप लागतं. सकाळी लवकर निघणं, दुपारी दोन-अडीचला परतीची तयारी, आणि एका दिवसात दोनच ठिकाणं. टॅक्सीवाले "सात पॉइंट एका दिवसात" असं सांगतात. त्यांना हसून नको म्हणावं. सात ठिकाणी उतरून फोटो काढून आलेल्या मुलांना चार दिवसांनी विचारा, काय पाहिलं? एकाचंही धड सांगता येणार नाही.

पहिला दिवस शहरातला. बीबी का मकबरा सगळेच पाहतात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात तो बांधला. पण मी म्हणेन, घरातल्या बाईनं पाणचक्की न चुकता पाहावी. काही किलोमीटर लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून, त्या जोरावर दगडी जातं फिरवलं जायचं आणि तिथं राहणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. ज्या घरांत आजही आजीच्या हातची जात्यावरची आठवण निघते, तिथल्या मुलांना पाणी दळण कसं दळतं हे समोर दाखवता येतं. असं दाखवणं मला दहा सेल्फींपेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरा दिवस वेरूळचा, आणि इथं मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. वेरूळची ३४ लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात पसरली आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. बहुतेक प्रवासी १६ क्रमांकाचं कैलास लेणं पाहून परत फिरतात, कारण जैन लेणी उत्तरेच्या टोकाला थोडी लांब पडतात. आपले लोक मात्र उलटं करतात. थेट ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत जायचं, दर्शन घ्यायचं, वरच्या डोंगरावरच्या पार्श्वनाथांना वंदन करायचं आणि "झालं वेरूळ" म्हणून निघायचं. मला दोन्ही अर्धवट वाटतं.

कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. तो अखंड कातळ कळसापासून खाली कोरत आणला आहे. ते पाहिल्यावर इंद्रसभेच्या चौकात गेलं की कळतं, कारागिरांची तीच विद्या इथंही चालू आहे. ३० क्रमांकाच्या लेण्याला तर छोटा कैलासच म्हणतात, आणि ते अपुरं राहिलेलं आहे. इंद्रसभेतल्या हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र समजलं, म्हणून ते नाव पडलं. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका, अंगावर वेली चढलेले बाहुबली, फणांच्या छत्राखाली उपसर्ग सोसत उभे असलेले पार्श्वनाथ: मुलांना पाठशाळेत ऐकलेल्या गोष्टी इथं दगडात दिसतात. पण बौद्ध विहारातली शांतताही त्यांनी अनुभवावी आणि कैलासाची भव्यताही पाहावी. अनेकान्त आपण प्रवचनात ऐकतो. एकाच डोंगरात तीन परंपरा शेजारी शेजारी कोरल्या गेल्या, हे त्यांना स्वतःच्या पायांनी चालून कळू द्या. फक्त "आपलं" पाहून परतणारं मूल पुढे शेजाऱ्याचंही फक्त "त्यांचं" म्हणून सोडून देतं, अशी मला भीती वाटते.

तिसरा दिवस अजिंठ्याचा. हा दिवस ऐच्छिक ठेवा, असं मी आग्रहानं सांगेन. जाऊन-येऊन २०० किलोमीटर, पायऱ्या भरपूर, आणि पायथ्याच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून पुढे तिथल्या बसनं जावं लागतं. चालता न येणाऱ्यांसाठी डोलीवाले मिळतात, पण आजींना त्यात संकोच वाटत असेल तर ओढून नेऊ नये. ज्यांना चित्रांची आवड आहे त्यांनी जावं. १, २, १६ आणि १७ ही लेणी चित्रांसाठी आधी पाहावीत. त्या दिवशी संध्याकाळचं जेवण परत येऊन होणार नाही हे धरूनच डबा न्यावा आणि लेणी उतरून आल्यावर साडेचारला खाऊन निघावं. बाकीच्यांनी शहरात उन्हात बसावं. सहलीत एक दिवस काहीही न पाहणं हा गुन्हा नाही.

चौथा दिवस कचनेर आणि पैठण. सकाळी कचनेरला अभिषेक-दर्शन. तिथं यात्रेकरूंच्या जेवणाची सोय असते, त्यामुळे एक वेळचा प्रश्न सुटतो. पैठणला मुनिसुव्रतनाथांचं मंदिर आहे, संत एकनाथांची समाधी आहे, आणि थंडीत जायकवाडीच्या जलाशयावर दूरदूरचे पक्षी उतरतात. मुलांसाठी दुर्बीण जरूर घ्या.

पैठणला आपली खरी परीक्षा मात्र मागावर होते. पैठणी विणताना पाहणं हा आनंदच आहे. एकेक मोर काठावर उतरायला किती तास जातात हे पाहिलं की किमतीवर घासाघीस करायची लाज वाटते. पण रेशीम कोशातल्या जिवांना उकळून निघतं, हेही आपल्याला माहीत आहे. जमिनीखालचं गाजर न खाणाऱ्या आपण कपाटातल्या रेशमाबद्दल गप्प का असतो? कोणाच्या लग्नातल्या पैठणीवर मी बोट ठेवत नाही. मुलीनं मात्र तिथं हा प्रश्न विचारला तर "नंतर सांगते" म्हणू नका. खरं उत्तर द्या. विणकराच्या हाताचा मान राखूनही नवं रेशीम न घेणं जमतं. हातमागाचं सुती वस्त्र घेतलं तरी पैसे मागावरच्या माणसालाच मिळतात.

आता स्वयंपाकघराचं. थंडीत आपल्याकडे पिठाची मर्यादा सात दिवसांची धरतात. उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. म्हणजे घरून नेलेलं पीठ चार दिवसांच्या सहलीत मर्यादेत राहतं. म्हणून मुक्कामाला छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी किंवा धर्मशाळा पाहावी. रानात हुरड्याचे दिवस असतात. आपल्या घरच्या नेमात बसत असेल तर लसणाची चटणी वगळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर घ्या. पण एक गोष्ट निघण्याआधीच ठरवा. पाणी कोण गाळणार, पोळ्या कोण लाटणार, भांडी कोण घासणार? नेम सगळ्या घराचा आणि राबणारे हात एकीचेच, असं असेल तर ती चार दिवसांची सुट्टी तिच्यासाठी फक्त अनोळखी शेगडीवरचा स्वयंपाक ठरते. चौथीतला मुलगाही पाणी गाळू शकतो. नवऱ्याला खिचडी लावता येते. येत नसेल तर डिसेंबर उजाडायच्या आत शिकवा. तीन वेळा ताजं गरम हवंच असं म्हणणाऱ्यांना एक वेळ दशमी आणि सुकी चटणी चालते, हे सहलीतच कळतं.

"एवढं सगळं सांभाळून सहलीची मजा काय राहिली?" असं काहीजणी विचारतील. मला वाटतं, दमणूक येते ती रोजच्या बॅगा, रात्रीचे रस्ते आणि ऐनवेळची शोधाशोध यांतून. नेमाचा त्यात वाटा थोडाच. सहाच्या आत जेवून झालं की संध्याकाळ पूर्ण मोकळी राहते. सामायिक, आरती, मग पत्ते, गप्पा, दिवसभर पाहिलेल्याची उजळणी. घरी असताना अशी संध्याकाळ सगळ्यांना मिळून शेवटची कधी मिळाली होती, आठवून पाहा.

तेव्हा यंदा सहलीची बोलणी निघाली की नकाशा समोर ठेवा, एक शहर निवडा, बंद वार पाहा आणि कागदावर सगळ्यांत आधी संध्याकाळच्या जेवणाची वेळ लिहा. तिच्याखाली कामांची वाटणी लिहा, नावांसकट. ठिकाणांची यादी त्यानंतर करा.