एकाग्रतेला खुर्ची लागते

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांत 250 शब्द लिहायचे, हा त्याचा शिरस्ता. त्यातून 47 कादंबऱ्या झाल्या. त्याचं आत्मचरित्र 1883 मध्ये आलं, तेव्हा ही कारकुनी पद्धत वाचून अनेकांनी नाकं मुरडली. त्यातला खरा मोलाचा तपशील मात्र वेगळाच आहे. पहाटे कॉफी आणून उठवणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला ट्रोलप वर्षाला 5 पौंड जादा देई, आणि आपल्या यशाचं श्रेय बहुधा त्यालाच सर्वाधिक, असं त्याने मोकळेपणाने लिहिलं आहे.

अमेरिकन लेखिका माया अँजेलो घर असतानाही लिहिण्यासाठी हॉटेलची खोली भाड्याने घेत आणि भिंतीवरची चित्रं काढून टाकायला सांगत.

पहाटेची कॉफी असो की रिकामी भिंत, मनाला कामाला लावायचं तर अशी एखादी ठरलेली खूण लागते. आपल्याकडचे गवई हे फार पूर्वीपासून जाणतात. तंबोरा जुळता जुळताच चित्त रियाजाला लागतं. पण खूण मुरायला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी नवी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. माणसामाणसांत फरक मोठा होता, पण मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत आयुष्य बदलून देणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी दहावीची मुलगी घ्या. ती जिथे पुस्तक उघडते, तिथेच कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका आणि रात्री सगळ्यांची अंथरुणं. तिला ‘मन लावून अभ्यास कर’ म्हणणं सोपं आहे. मन लावायला कोपरा कुठला? पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं खासगी अभ्यासिकेतल्या एका खुर्चीसाठी दरमहा पैसे मोजतात, ते उगाच नाही. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या चंचलपणावर व्याख्यानं झोडली जातात.

महापालिकांच्या अभ्यासिका आहेत, पण त्या पुरेशा नाहीत. प्रभागातल्या बाकांवर आणि कमानींवर नाव झळकवणाऱ्या नगरसेवकाकडे नागरिकांनी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका मागावी, आणि तिच्या दाराशी मोबाइल ठेवायला कुलपाचे कप्पेही.