अक्काचं कडवं गाळणाऱ्यांनो

१४ जानेवारी आली की लातूरच्या चौकात तुमचा डीजे दणाणतो. नाचा, त्याला ना नाही. पण माझं ऐकून घ्या.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. त्याच दिवसांत आमचा दादा मार खाऊन घरी आला आन् महिन्याभरात गेला. कागदावर लिहिलं, 'ताप'. तापानं मेलेला शहिदांच्या यादीत बसतो व्हय?

अक्कानं त्याला गाण्यात बसवला. पोचिरामांच्या मागनं त्याचं कडवं. १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा त्यांचंही जोडलं. दादाचा फोटो नाही. मी तेव्हा मांडीवरचा, चेहरा आठवत नाही. त्याच्या नावावर अक्काचा आवाज फाटतो, माझा दादा तेवढाच.

यंदा मंडळाचा पोरगा म्हणला, "अक्का, लई लांबायलंय. मधलं कडवं गाळा."

"गाळते की. मग त्याला ठिवू कुठं, सांग."

१९९४ ला नाव मिळालं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. त्याच साली नांदेड-लातूरला वेगळं विद्यापीठ! ज्या गावांनी मार खाल्ला, त्यांच्या लेकरांच्या डिग्रीवर ते नावच नाही. कागदानं आम्हाला गाळलं, कळतं. तुम्ही कोण गाळणारे?

पुढच्या १४ जानेवारीला मशीन बंद ठेवा. माईक अक्काकडं द्या, आन् कडवं पुरं होईस्तोवर कुणी घड्याळ बघू नका.