भुताची गोष्ट सांगतंय कोण, माणूस की मशीन?

रात्री साडेदहाला आमच्या चिंचपोकळीच्या घरातले दिवे मालवले की बाबांचा मोबाइल सुरू होतो. स्क्रीन पालथी, आवाज बारीक. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. तिसऱ्या पाळीला निघताना डब्याच्या पिशवीत नारायण धारपांचं लायब्ररीतलं पुस्तक असायचंच. आता काचबिंदूमुळे वाचन सुटलंय, म्हणून ते गूढकथा ऐकतात. त्यांचा एक ठरलेला निवेदक होता. किंचित घोगरा आवाज, मध्येच खाकरणं, मागे कुठेतरी फिरणारा पंखा. मध्यंतरी ते चॅनेलच गायब झालं आणि ऑटोप्लेने दुसरं लावून दिलं. दोन रात्री ऐकून बाबा मला म्हणाले, "अरे, हा माणूस दम घेत नाही."

तो माणूस नव्हताच. टेक्स्ट-टू-स्पीच, म्हणजे मजकुरावरून आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर होतं.

हा प्रकार झपाट्याने का वाढतोय ते आधी समजून घेऊ. स्टोरीटेल २०१७च्या अखेरीस भारतात आलं आणि पैसे भरून मराठी ऑडिओबुक ऐकायची सवय हळूहळू लागली. पुढे धारपांच्या कथेचा धागा असलेला 'तुंबाड' २०१८मध्ये आला आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा थिएटरात लागला. त्यामुळे ज्यांनी धारप कधी वाचले नव्हते तेही त्यांना शोधू लागले. गूढकथेला चित्रं लागत नाहीत, काळी स्क्रीन आणि आवाज पुरतो. म्हणजे चॅनेल चालवणाऱ्याचा खर्च निवेदकाचाच. तो मशीनने वाचवला की काम झालं. २०२३च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं मॉडेल दाखवलं होतं. भारतीय भाषांसाठी आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतने मराठीसह अनेक भाषांची मॉडेल्स खुली केली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

मशीन वाचतं कसं? आधी आकडे, संक्षेप वगैरे शब्दांत मांडले जातात. मग प्रत्येक शब्दाचा उच्चार ठरतो. त्यावरून मॉडेल आवाजाचा एक नकाशा बनवतं, कुठल्या क्षणी कुठली कंपनं किती जोरात हवीत याचा, आणि शेवटी त्या नकाशावरून ऐकू येणारा आवाज तयार होतो. मराठीत अडतं ते दुसऱ्या पायरीवर. आमच्या स्टेशनचंच नाव घ्या. 'चिंचपोकळी'त दोन च आहेत आणि दोन्ही वेगळे. पहिला 'चिमणी'तला, दुसरा 'चमचा'तला. लिहिताना मात्र अक्षर एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतला फरक कागदावर दिसतच नाही.

मी घरी एक प्रयोग केला. स्वतःच चार परिच्छेदांची भुताची गोष्ट लिहून एका फुकटच्या सॉफ्टवेअरला दिली. 'चंद्र' बरोबर आला, पण 'चांदणं' त्याच 'चंद्र'च्या च ने. 'चाळी'चंही तेच. "जरा थांब" मधला 'जरा' थेट म्हातारपणाचा झाला! दिवसा ऐकलं तर हसू येईल. पण गूढकथेत एक चुकीचा उच्चार म्हणजे मध्यरात्री कोणीतरी ट्यूबलाइट लावल्यासारखं. भीती गेली ती गेली.

उच्चार सुधारतील, वर्ष-दोन वर्षांत सुधारतीलच. थांबण्याचं काय? मशीन स्वल्पविरामाला थोडं थांबतं, पूर्णविरामाला थोडं जास्त. हव्या तिथे अमुक मिलिसेकंद थांब, अशी खूणही मजकुरात घालता येते. पण ती कोणीतरी गोष्ट वाचून घालायला हवी, आणि दिवसाला पाच गोष्टी टाकणारा चॅनेलवाला ती वाचणार कधी? दार उघडतं त्याच्या आधी थांबायचं की नंतर, हे ज्याला गोष्टीचा शेवट माहीत आहे त्यालाच कळतं. रत्नाकर मतकरी स्वतः रंगमंचावरून आपल्या गूढकथा सांगायचे. मला वाटतं, त्यांचा अर्धा ऐवज त्या थांबण्यात होता.

आता अडचणीचा भाग. बाबांच्या आवडत्या निवेदकाचं चॅनेल का गेलं याची मी चौकशी केली. त्यानेही परवानगी घेतलेली नव्हती. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. धारप २००८मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०६८ संपेपर्यंत वारसांच्या हक्कात. मतकरी २०२०मध्ये गेले, त्यांचं २०८० संपेपर्यंत. एम. आर. जेम्स १९३६मध्ये आणि लव्हक्राफ्ट १९३७मध्ये गेले, त्यांच्या मूळ इंग्रजी कथा इथे मोकळ्या आहेत, पण त्यांच्या मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो. तेव्हा माणसाचा आवाज म्हणून त्याला सोडायचं आणि मशीनला चोर म्हणायचं, हे काही बरोबर नाही. मलाही हे पचवायला दोन दिवस लागले.

निवेदकाची बाजूही लंगडी आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिला. तो प्रसिद्ध गायक आहे, वकील लावू शकतो. रात्री खोलीची खिडकी बंद करून गोष्टी वाचणाऱ्याचा आवाज उद्या कोणी उचलला, तर तो कुठे जाणार?

आणि ऐकणारा? यूट्यूबने मार्च २०२४पासून खऱ्यासारख्या वाटणाऱ्या कृत्रिम मजकुराची माहिती देणं निर्मात्यांवर सक्तीचं केलं. ती सूचना बहुतेक वेळा व्हिडिओखालच्या वर्णनात असते. पालथ्या मोबाइलवर, काचबिंदू झालेल्या माणसाला ती कशी दिसणार? ऑक्टोबर २०२५च्या सरकारी मसुद्यात ऑडिओसाठी वेगळी सूचना होती, की कृत्रिम असल्याची खूण सुरुवातीच्या १० टक्के वेळात ऐकू यावी. आकडा कमी-जास्त करा, पण 'ऐकू यावी' हे महत्त्वाचं. सुरुवातीला एक वाक्य पुरे: कथा कोणाची, परवानगी कोणाची, आवाज कोणाचा किंवा कशाचा.

तोवर घरात असं कोणी असेल तर एक मार्ग आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं सोयीच्या रूपात रूपांतर करायला ते मुभा देतं. विकत आणलेलं धारपांचं पुस्तक स्कॅन करून बाबांसाठी मशीनकडून वाचून घेतलं तर चालतं. तेच चॅनेलवर टाकलं की नाही चालत.

मी स्कॅनरही आणला होता. पण गेल्या आठवड्यापासून मीच वाचतोय, रोज पंधरा-वीस पानं. परवा वाचता वाचता घसा सुकला म्हणून थांबलो. वाड्याचा जिना अर्धाच चढून झाला होता. अंधारातून बाबांचा आवाज आला, "काय झालं?"

"काही नाही, पाणी पितोय."

"पी. पण लवकर पी."