कात्री दांड्याला, पानांना नाही

पावसाच्या तोंडावर बागेची साफसफाई करायची आपल्याकडे पद्धतच आहे. सोसायटीचे माळीकाका येतात, सिकेटर काढतात आणि तासाभरात सगळ्या कुंड्या एका उंचीच्या करून जातात. जास्वंद, बोगनवेल, कण्हेर हे सगळं निमूट सोसतात, उलट दुप्पट जोमानं फुटतात. पण त्याच ओळीत आफ्रिकन लिलीची कुंडी असेल आणि तिचीही लांब हिरवी पानं वीतभर ठेवून कापली गेली असतील, तर पुढच्या उन्हाळ्यातली फुलं तिथंच गेली म्हणून समजा. मग ‘आमच्या हवेत ती फुलत नाही’ असं म्हणून कुंडी जिन्याखाली जाते. या झाडावर हा अन्याय आहे, आणि तो थांबवणं अगदी सोपं आहे.

आधी ओळख पटवून घेऊ. मे महिन्यात लाल-केशरी चेंडूसारखं फुलणारी फुटबॉल लिली आपल्याकडे घरोघरी असते. तीही मूळची आफ्रिकेचीच. पण मी म्हणतोय ती अगापँथस: पट्ट्यासारखी दीड-दोन फुटी गर्द हिरवी पानं, त्यातून वर येणारा कमरेएवढा दांडा आणि त्याच्या टोकाला निळ्या किंवा पांढऱ्या फुलांचा घोस. फुटबॉल लिलीची पानं हिवाळ्यात वाळतात आणि कंद विश्रांती घेतो. तेव्हा तिचं पाणी तोडावं लागतं. हाच नियम अगापँथसला लावला की गडबड होते. आपल्या नर्सऱ्यांत मिळणारे अगापँथस बहुतेक सदाहरित प्रकारातले असतात. त्यांना वर्षभर पानं हवी असतात.

याचं कारण तिच्या माहेरी सापडतं. अगापँथसच्या सगळ्या जाती दक्षिण आफ्रिका आणि तिच्या लगतच्या प्रदेशातल्या. केपटाऊनजवळच्या डोंगरांत खडकांच्या फटींत वाढणारी आफ्रिकानस ही जात वणवा लागून गेल्यावर भरभरून फुलते, पण बागेत सहज रमत नाही. जगभरच्या बागांत आणि आपल्या गच्चीवर पोचली आहे ती मुख्यतः प्रिकॉक्स, म्हणजे ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नताल या पूर्वेकडच्या भागांतली. तिथं वर्षभर कमी-अधिक पाऊस पडतो, म्हणून ती पानं कधीच टाकत नाही. ड्रॅकेन्सबर्गच्या बाजूच्या कॅम्पॅन्युलेटस, इनॅपर्टस या जाती मात्र थंडीत पानं गाळतात. ती आपोआप वाळली की काढून टाकायची.

आता छाटणीचं मर्म. जास्वंदीच्या फांदीवर जागोजागी डोळे असतात, म्हणून वरून कापलं तरी खालून फूट येते. अगापँथसला फांदीच नाही. मातीलगत जाड मूलकंद असतो, त्यातून पंख्यासारखा पानांचा झुबका निघतो आणि फुलाचा दांडा त्या झुबक्याच्या मध्यातून येतो. उन्हाळ्यातली फुलं सरली की नंतरच्या महिन्यांत पुढच्या मोसमाची कळी आत, झुबक्याच्या बुडाशी धरायला लागते. तिला लागणारं अन्न तयार करणारा कारखाना म्हणजे ही पानं. नेमका तोच कारखाना आपण ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून बंद पाडतो.

मग कापायचं काय? घोसातली फुलं एकदम उमलत नाहीत. ती काही आठवडे एकेक करून उघडतात, तोवर दांड्याला हात लावायचा नाही. शेवटचं फूल गळून त्याच्या जागी हिरव्या शेंगा फुगायला लागल्या की दांडा धरून बोटं खाली पानांच्या बेचक्यापर्यंत न्यायची आणि तिथं, शक्य तितकं खाली, एका घावात कापायचं. ओढायचा नाही, ओढला तर शेजारचा कोवळा फुटवा सोबत निघून येतो. मध्येच अर्ध्यावर कापला तर उरलेला खुंट पावसात कुजतो आणि ती कूज कंदापर्यंत उतरू शकते. म्हणून उघडीप पाहून कापा, सिकेटरचं पातं स्पिरिटनं पुसून घ्या आणि हातमोजे घाला, कारण हिचा चीक काहींच्या त्वचेला झोंबतो. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं पानं चघळणार नाहीत हेही पाहा.

शेंगा वेळेवर काढण्याला आणखी एक कारण आहे. बी पिकवण्यात झाडाची ताकद खर्च होते. शिवाय न्यूझीलंडमध्ये याच झाडानं रस्त्याच्या कडा आणि समुद्रकाठचे उतार इतके व्यापले की आज ते तिथं तण ठरलं आहे. परदेशी झाड हौसेनं लावणाऱ्यानं त्याचं बी आवरण्याची जबाबदारीही घ्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पानांपैकी काढायची ती फक्त बाहेरच्या कडेची, पूर्ण पिवळी पडलेली. बाजूला हलकेच खेचलं की ती सुटतात. नाही सुटली तर आठवडाभर थांबा. टोकं करपली असतील तर तेवढीच टोकं कापा. सगळीच पानं एकदम पिवळी पडायला लागली तर कात्री ठेवा आणि कुंडीचं भोक तपासा: पाणी साचलंय.

कारण या झाडाच्या मुळ्या बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या आणि रसाळ असतात. त्या पाणी साठवतात, म्हणून चार दिवस पाणी चुकलं तरी झाड तग धरतं, पण पाण्यात उभं राहिलं की सडतं. 12 इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, आणि कुंडीखाली दोन विटा एवढं केलं तर आपला पाऊस तिला बाधत नाही. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद कुंडी नको. मुळ्या भरल्या की ती फोडावीच लागते.

‘दाटीत ठेवलं की जास्त फुलतं’ हे अर्धसत्य आहे. फार मोठ्या कुंडीत झाड आधी मुळ्या आणि पानंच वाढवतं, हे खरं. पण मुळ्यांनी माती वर उचलली, घातलेलं पाणी कडेनं निघून जायला लागलं, की दाटी फुलं मारते. अशा वेळी पाऊस ओसरल्यावर गड्डा काढून करवतीनं दोन-तीन भाग करा, प्रत्येक भागात तीन-चार झुबके ठेवा. त्यानंतर एक मोसम फुलं कमी येतील, ते गृहीत धरा.

ऊन पाच-सहा तास तरी हवं; पुणे-नाशिककडे एप्रिल-मेच्या दुपारी मात्र थोडी सावली द्या. महाबळेश्वर-पाचगणीची थंड हवा हिला सर्वांत मानवते. मुंबई-कोकणात पानं छान येतील, फुलांची खात्री नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी सदाहरित जातीची कुंडी कडाक्याच्या थंडीत आडोशाला घ्यावी. आणि फुलं गेली म्हणून खतपाणी बंद करू नका. पाऊस संपल्यावर पालाशयुक्त खताची मात्रा आणि माती वाळू लागताच पाणी चालू ठेवा.

या आठवड्यात माळीकाका येतील तेव्हा एवढंच करा: आफ्रिकन लिलीच्या कुंडीपाशी स्वतः उभे राहा, फुलं गळून गेलेले दांडे दाखवून द्या आणि हिरव्या पानांना हात लावू देऊ नका.